आत्याचं बिगुल पथक

माझी आत्या वेल्डर होती आणि गल्लीतल्या पोरांचं ड्रम-बिगुल पथक तिनंच उभं केलं. अग्निशमन केंद्रानं भंगारात काढलेले, पोचे पडलेले बिगुल तिनं डाख देऊन वाजते केले आणि कारखान्यामागच्या पटांगणात पोरापोरींना दम कसा धरायचा ते शिकवलं.

रौप्यमहोत्सवाला सभागृह खच्चून भरलं होतं. गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष माइकवर म्हणाले, "या पथकाचा पाया माझ्या वडिलांनी घातला."

शेवटच्या रांगेतली आत्या ताडकन उठली. "तुमच्या वडिलांनी? कानठळ्या बसतात म्हणून त्यांनी आमच्यावर पोलीस आणले होते!"

"बाई, खाली बसा. कार्यक्रमाचा विचका करू नका."

"पंचवीस वर्षं उभी राहिले, आता बसू?" ती थेट रंगमंचापाशी गेली. "पोरांनो, उचला रे आपापली वाद्यं!"

निम्मी पोरं तिच्यामागून बाहेर आली. उरलेली मान खाली घालून तिथंच राहिली, कारण अंगावरचे गणवेश अध्यक्षांनी दिले होते.

आत्यानं त्या निम्म्यांना घेऊन नवं पथक सुरू केलं. ते आज जुन्याहून सरस वाजतं. तरी अध्यक्षांचं नाव निघालं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.