गुलाबी कमोड आणि दीड वीत

बाकोस मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत शहाताचं न्हाणीघर पाहायला आठवडाभर माणसं येत होती. मी स्वतः तीनदा जाऊन आलो. एकदा पाहायला, एकदा दुसऱ्यांना दाखवायला, आणि तिसऱ्या खेपेचं पुढे सांगतो.

शहाता म्हणजे ट्रामवरचा निवृत्त कंडक्टर. उंच, कोरडा, ताठ. म्हातारपणीही असा उभा राहतो की समोरच्याचा हात आपोआप तिकीट शोधायला खिशात जातो. त्याची मिशी तीस वर्षं मी कोरली. आता माझे हात थरथरतात, म्हणून न्हाव्याचं दुकान जावयाकडे दिलं आणि मी समोरच्या कहवाखान्यात बसून लोकांची नुसत्या तोंडानं हजामत करतो.

शहाताची बायको तफीदा, बुटकी, गोल, आणि जिभेनं माझ्याही वरचढ. गेल्या रमजानात ती पडली. कुठे पडणार? त्या जुन्या संडासातच. उकिडवं बसायचं भांडं, भोवती कायम ओल, आणि फरशी अशी गुळगुळीत की मांजरसुद्धा तिथे जपून पाय टाकायचं. खुब्याचं हाड मोडलं. आत लोखंड घालून डॉक्टरांनी सांगितलं, "यापुढे उकिडवं बसणं बंद. हा पाय उचलायचा नाही. वॉकर धरून सपाट जमिनीवर चालायचं, बस."

मग मुलगी नज्वा आईला तांता शहरातल्या आपल्या घरी घेऊन गेली, कारण तिच्याकडे कमोड होता. पंधरा दिवसांसाठी नेली होती, त्याचे सात महिने झाले. तफीदा जावयाच्या बैठकीत सोफ्यावर झोपायची. जावई वाईट नव्हता, पण रात्री टीव्हीचा आवाज बारीक करताना असा काही उसासा टाकायचा की तो तिला ऐकू जायचा. शहाता दर गुरुवारी फोन करायचा.

"कमोडची खुर्ची मिळते," तो म्हणाला. "खाली बादली असते. मी उचलत जाईन."

"पन्नास वर्षं ज्याच्या पुढ्यात ताट ठेवलं, त्याच्या हातात ती बादली देऊ?" तफीदा म्हणाली. "त्यापेक्षा इथेच डोळे मिटते. जावयाला टीव्ही तरी मोठ्यानं लावता येईल."

तेव्हा शहातानं ठरवलं की घरात कमोड बसवायचा आणि बायकोला परत आणायचं. त्याला दुसरं काही नको होतं.

पैसा कुठला? गल्लीत आमची भिशी चालते. शहातानं हातापाया पडून पहिला नंबर मागून घेतला. म्हणजे पैसे आज आणि हप्ते पुढची दीड वर्षं. निवृत्तिवेतनातून ते हप्ते वजा केले की उरतं ते उकडलेल्या वालांपुरतं. त्यात न्हाणीघर आणि स्वयंपाकघर दोन्ही करायचं होतं, कारण दोघांची भिंत एकच आणि ती पोखरल्यासारखी झालेली.

आता त्यानं सामान कसं जमवलं ते ऐका. दुसऱ्या प्रतीच्या टाइलांचे दुकानदार उरलेसुरले खोके कोपऱ्यात टाकून ठेवतात. शहाता रोज सकाळी पिशवी घेऊन निघायचा आणि नऊ टाइल इथून, चौदा तिथून, अशा गोळा करायचा. एका भिंतीवर निळे मासे, दुसरीवर द्राक्षांचे घड, दरवाज्याजवळ नुसती तपकिरी. कमोड तर त्यानं समुद्राकडच्या एका पाडायला काढलेल्या बंगल्यातून आणला. गुलाबी! पहाटे हातगाडीवर घालून आणला, तरी मी पाहिलाच.

"शहाता," मी ओरडलो, "वरात कुठे निघाली? नवरी लाजून गुलाबी झालीय!"

"तुझ्या आजीची खुर्ची आणलीय," तो म्हणाला. "ये, बस."

त्या दिवशी तो खुशीत होता. खोटं कशाला सांगू, मीही होतो.

मग प्लंबर आला, उस्ता करम. जुनं भांडं उखडून, आत बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं आणि उठून हात पुसले.

"हाजी, इथला वाकडा पाइप सडलाय. तो स्लॅबच्या पोटाला लटकलाय. वरून हात पोचत नाही, खालच्यांच्या न्हाणीघरात शिडी लावून छताकडून बदलावा लागेल. तासाभराचं काम आहे. खाली कोण राहतं?"

शहाता टाइल मोजायला लागला. मीच सांगितलं, "खाली कापूस राहतो."

खाली, तळमजल्यावर, सित्त दौलत, म्हणजे आमची दौलतबाई, राहते. विधवा बाई, अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम. अकरा वर्षांपूर्वी तिच्या मुलीचं लग्न होतं. रुखवतातल्या गाद्यांसाठी कापूस पिंजून झाला होता. बाहेर पाऊस, म्हणून ढीग आत न्हाणीघरालगतच्या बोळात रचला. रात्रभर शहाताचा संडास वरून ठिबकला. सकाळी त्या कापसाचा रंग आणि वास, दोन्ही वर्णन करण्यासारखे नव्हते. दौलत वर येऊन दार बडवायला लागली, तर हा शहाणा काय म्हणाला? "बाई, वरून येणारं पाणी परमेश्वराचं असतं." अख्ख्या जिन्यानं ते ऐकलं. अकरा वर्षं सलाम-दुआ बंद. ठिबकणं मात्र चालू. दौलत छताखाली डबा ठेवायची, आणि शहाता डब्यात थेंब पडल्याचा आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

"तू जाऊन बघ," शहाता मला म्हणाला. "माझं नाव लगेच काढू नको. अंदाज घे."

मी गेलो. दौलत मासे तळत होती. मी अंदाज वगैरे काही घेतला नाही, सरळ विचारलं. तिनं झारा हवेत धरला आणि म्हणाली, "त्याला म्हणावं, आधी माझा कापूस आण! तीन गाद्यांचा! मग माझं छतच काय, भिंतीही फोड!" आणि हसली. पोट हलेपर्यंत हसली, आणि एक मासा भाकरीत गुंडाळून मला दिला.

मी तो मासा खात खात कहवाखान्यात आलो. शहाता वाट बघत होता. शेजारी पाच-सहा मंडळी होती, सोंगट्यांचा डाव मांडला होता. आता मला सांगा, असं वाक्य हातात असताना कुणी कानात कुजबुजतं का? मी कमरेवर हात ठेवला, दौलतचा आवाज काढला आणि ठासून म्हणालो, "आधी माझा कापूस आण! तीन गाद्यांचा!" सगळे टेबलं बडवून हसले. तिच्या हसण्याचं मी सांगितलं नाही. हसण्याशिवाय ते वाक्य जास्त रंगत होतं.

कुणीतरी म्हणालं, "शहाता, पिंजारी गाठ आता!"

शहाता हसला नाही. चहा अर्धा ठेवून उठला. "तिच्या दारात मी जाणार नाही," म्हणाला. "मेलो तरी नाही."

मी म्हटलं, "अरे, स्वतः जाऊन एकदा दार तर वाजव."

"तू वाजवलंस ना. झालं."

दुसऱ्या दिवशी उस्ता करमनं दुसरा मार्ग सांगितला. पाइप स्लॅबवरूनच नेऊन मागच्या मोकळ्या चौकातल्या उभ्या पाइपाला जोडायचा. पण उतार हवा, आणि उतारासाठी उंची हवी. म्हणजे न्हाणीघराची सगळी जमीन दीड वीत वर उचलायची. खाली भर, वर टाइल.

"खालच्यांना विचारायची गरज नाही," करम म्हणाला. "पण हाजी, दारात पायरी येईल. बाई चढतील ना?"

"माझी बायको आहे ती," शहाता म्हणाला. "हात धरीन. चढेल."

मी तिथेच होतो. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला ठाऊक होतं, त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. पण करमच्या हातात थापी होती, वाळू जिन्यात येऊन पडली होती, आणि भिशीचा पैसा खर्च व्हायला लागला की माणूस पायऱ्या मोजत नाही. नज्वालाही त्यानं विचारलं नाही. तफीदाला चकित करायचं होतं ना! तिला फोनवर एवढंच सांगितलं, "तयार राहा. तुझं घर ओळखू येणार नाही तुला."

स्वयंपाकघर मात्र त्यानं डोकं लावून केलं. ओटा बुटका बांधला, खुर्चीत बसून काम करता येईल एवढा. एका जुन्या खाटीकखान्याचा संगमरवर, कडा घासून गोल केलेला. गॅसचं बटण हाताशी, चहा-साखरेचे डबे हाताशी. खालच्या फळीत तिचं तांब्याचं पातेलं, घासून लख्ख. उभ्या आयुष्यात स्वतःचा पेला न विसळलेला माणूस त्या पातेल्याला दोन दिवस लिंबू चोळत होता.

ती शुक्रवारी आली. नज्वानं गाडी केली होती. वॉकर पुढे ठेवून ती गाडीतून उतरली, तेव्हा मला दिसलं की सात महिन्यांत ती निम्मी झालीय. जीभ मात्र पूर्ण वजनाची. "काय रे न्हाव्या," मला म्हणाली, "अजून जिवंत? माझ्या चुगल्या करायला मी नव्हते, तर दिवस कसे काढलेस?"

माझ्या जावयानं आणि कहवाखान्यातल्या वेटरनं तिला लाकडी खुर्चीत बसवून जिन्यानं पहिल्या मजल्यावर नेलं. जिना एकदाच चढायचा होता, नंतर कायम घरातच राहायचं होतं. शहाता मागून "सावकाश, सावकाश" करत, जणू काचेचं कपाट चाललंय.

स्वयंपाकघरात ती ओट्याशी बसली. संगमरवरावरून हात फिरवला. मग चहा ठेवला, सगळ्यांना दिला, स्वतः दोन कप घेतले. पातेल्यात तोंड पाहून म्हणाली, "कुणाला पैसे देऊन घासून घेतलंस?"

"मी घासलं."

"खोटं."

"या न्हाव्याला विचार."

मी शपथ घेतली. ती हसली. नज्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. गोष्ट इथे संपवता आली असती, तर मी तुम्हाला आग्रहानं दुसरा चहा पाजला असता.

तफीदा म्हणाली, "चल, दाखव तुझी गुलाबी सवत."

वॉकर टकटक करत दारापाशी गेला आणि थांबला. आत मासे, द्राक्षं, मधोमध तो गुलाबी कमोड, वरचा दिवासुद्धा लावलेला. आणि उंबऱ्याशी दीड वीत उंच, तपकिरी टाइलची कड. करमनं मध्ये एक छोटी पायरीही करून ठेवली होती.

तिनं आधी टाइल पाहिल्या. "मासे छान आहेत," म्हणाली. मग पायाकडे पाहिलं. वॉकर उचलून पायरीवर ठेवायला गेली, तो तिथे मावेना. शहातानं तिच्या काखेत हात घातले.

"उचल पाय. मी धरलंय."

"नाही उचलत रे."

"थोडा. तफीदा, थोडाच."

पाय टाचेपुरता उठला आणि ती किंचाळली. शहाता सत्तरीचा, त्यानं तिला उचलायचा प्रयत्न केला, आणि दोघं भिंतीला टेकून तसेच उभे राहिले. तो धापा टाकत होता, ती त्याच्या पाठीवर हात फिरवत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "पण मला आता घाई आहे, शहाता. दोन कप चहा झालाय."

मीच खाली जाऊन दौलतचं दार वाजवलं. तिच्याकडे साधा पांढरा कमोड आहे, जमिनीला जमीन. तिनं एक शब्द विचारला नाही. पुन्हा ती खुर्ची, पुन्हा जिना, आणि अकरा वर्षांनी तफीदा त्या घरात गेली. शहाता दारातच उभा.

"आत ये, नज्वाच्या बापा," दौलत म्हणाली. "तिकीट नाही लागत इथे."

तो आत आला. तफीदा बाहेर पडल्यावर तिची शाल आणायला न्हाणीघरात गेला आणि परतेच ना. मी डोकावलो. तो छताकडे पाहत होता. जुना वाकडा पाइप तिथे होता, दोन पायऱ्यांच्या शिडीवरून हात लागेल असा. पण छत कोरडं होतं. नुकताच चुना मारलेला.

"तुझं काम झाल्यापासून एक थेंब नाही पडला," दौलत मागून म्हणाली. "परमेश्वर तुझं भलं करो. पण एवढा खटाटोप कशाला केलास? माझं दार वाजवायचं होतंस एकदा."

"तुला कापूस हवा होता ना?"

"कसला कापूस! तो त्याच आठवड्यात धुऊन पुन्हा पिंजून घेतला मी. गाद्यांवर पोरीची तीन पोरं लोळतात."

शहातानं माझ्याकडे पाहिलं नाही. शाल घडी करून बाहेर आला. ते सगळं फोडून पुन्हा करायला करमला द्यायला काही नव्हतं, आणि भिशीचे सोळा हप्ते बाकी होते.

बाहेर गाडीवाला हॉर्न देत होता. नज्वा म्हणाली, "आई, वर नेऊ?" तफीदानं जिन्याकडे पाहिलं, मग शहाताकडे. "आता कशाला त्या पोरांना हमाली," म्हणाली. "इथूनच बसते गाडीत."

काच खाली करून तिनं त्याला सांगितलं, "त्या पातेल्याला परत काळं होऊ देऊ नको." तो म्हणाला, "नाही होऊ देणार."

अजून गुरुवारी फोन होतो. तो पातेल्याचं सांगतो, ती जावयाच्या टीव्हीचं सांगते. न्हाणीघराचं दोघं काढत नाहीत.

त्या दिवसानंतर शहाता माझ्याशी बोलतो, मिशी माझ्या जावयाकडून कोरून घेतो, समोर बसून चहाही पितो. एकदाच त्यानं विचारलं, पेल्यात बघत, "तेव्हा ती म्हणाली ना कापसाचं, ती हसत होती का रे?"

मी म्हणालो, "मासे तळत होती. आवाजात नीट कळलं नाही."