माप तिरपं करून

मला राग लवकर येतो. शिकवणीला येणाऱ्या मुलींना हे माहीत आहे, घरच्यांना तर आहेच. गेल्या वर्षभरात ते अनोळखी लोकांनाही कळलं, कारण मी मोबाइलवरचा एक खेळ केला आणि लोक त्यावर अभिप्राय लिहायला लागले.

मी जळगावात गणिताच्या शिकवण्या घेते. चौकटीच्या वहीत कोडी रचत बसायची सवय जुनी. माझी एक विद्यार्थिनी आता पुण्यात संगणकाचं काम करते. ती म्हणाली, "मॅडम, कोडी तुम्ही द्या, प्रोग्रॅम मी लिहिते." असा तो खेळ झाला. त्यात एक दूधवाला आहे. त्याच्याकडे दोन मापं, त्यांवर खुणा नाहीत. गिऱ्हाईक येतं आणि नेमकं अमुक लिटर दूध मागतं. भरायचं, एकातून दुसऱ्यात ओतायचं, उरलेलं परत कॅनमध्ये टाकायचं, आणि मागितलं तेवढं एका मापात आणून दाखवायचं. चुकलं की पडद्यावर लाल अक्षरांत 'चूक' असं येतं. तो शब्द मीच निवडला होता.

पहिल्याच आठवड्यात तक्रारी आल्या. आपल्याकडचे लोक नेमकं माप झाल्यावरही आणखी एकदा 'ओत' दाबायचे आणि चुकायचे. मला काही उमजेना. मग असोद्याच्या एका बाईंनी लिहिलं, "मापून झाल्यावर वर एक धार घालायची असते. तुमचा दूधवाला फार चिक्कू आहे." मी हसले, पण फणकाऱ्यानं उत्तर टाकलं की हे गणित आहे, गोठा नाही. दोन दिवसांनी राग उतरला, तेव्हा विद्यार्थिनीला सांगून बदल करून घेतला. उत्तर बरोबर आलं की दूधवाला आपणहून वर एक धार घालतो. लोक खूश झाले. मलाही वाटलं, आपण किती ऐकून घेतो लोकांचं! खरं तर मी फक्त शोभेपुरतं ऐकलं होतं. कोड्याला हात लावू दिला नव्हता.

त्याच सुमारास मी अक्काकडे गेले. अक्का माझी मोठी बहीण. सोनगीरपासून जवळच्या एका खेड्यात असते, दोन म्हशी आहेत, गावात दूध घालते. मापांचा खेळ तिला दाखवायचाच होता. कौतुक करून घ्यायचं होतं म्हणा ना.

ओसरीवर बसून तिनं पहिली दोन कोडी सोडवली. तिसऱ्यात एक माप चार लिटरचं, एक तीनचं, आणि गिऱ्हाइकाला हवं दोन लिटर. माझं उत्तर असं होतं: तीनचं भरून चारमध्ये ओता, तीनचं पुन्हा भरा, चारमध्ये मावेल तेवढं ओता, तीनच्या मापात दोन उरतील. अक्कानं चारचं माप भरलं आणि फोनच तिरपा केला. थोडा, मग आणखी थोडा. पडद्यावरचं दूध अर्थातच हललं नाही.

"हाई माप तिरपं कसं करतस?" तिनं विचारलं.

मला हसू फुटलं. "अक्का, फोन तिरपा करीसन काय व्हई? तुन्हं तिरपं गणित आजून गयं नही!"

अक्कानं फोन माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि म्हशीकडे गेली.

'तिरपं गणित' हा आमच्या घरातला जुना शब्द. आमच्या शाळेत दोन वर्ग एकाच खोलीत बसायचे. मी चौथीत, अक्का सहावीत. एकदा गुरुजींनी सहावीला विचारलं, लिटरचं एकच माप आहे, तर अर्धा लिटर दूध कसं द्याल? अक्का उठून म्हणाली, "माप तिरपं करसू." वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, गणितात तिरपं काही नसतं, बस खाली. त्या संध्याकाळी जेवताना मी तिची हुबेहूब नक्कल केली आणि वडिलांना ठसका लागेस्तोवर हसवलं. तेव्हापासून अक्कानं मीठ जास्त घातलं तरी तिरपं गणित, वाट चुकली तरी तिरपं गणित. सातवीनंतर तिची शाळा सुटली. पुढची शाळा लांब होती, घरात कामाला हात हवे होते, कारणं पुष्कळ होती. पण कुणी विचारलं की आमच्या घरात एकच कारण सांगायचे, तिला गणित येत नाही. आणि पाठोपाठ म्हणायचे, धाकटीला येतं.

त्या संध्याकाळी शेजारीण अर्धा लिटर दूध न्यायला आली. अक्काच्या अर्ध्या लिटरच्या मापाचा दांडा तुटला होता, म्हणून ती लिटरच्याच मापानं घालत होती. तिनं माप काठोकाठ भरलं आणि बादलीवर धरून हळूहळू कलतं केलं. दूध काठावरून परत बादलीत पडत राहिलं. मी शेजारीच उभी होते. मापाच्या तळाची वरची कड दुधातून नुकती डोकावली आणि अक्काचा हात थांबला. उरलेलं दूध तिनं शेजारणीच्या भांड्यात ओतलं, वर एक धार घातली.

ते कलतं माप माझ्या डोळ्यांसमोर तसंच राहिलं. दूध एका बाजूला काठापर्यंत, दुसऱ्या बाजूला तळाच्या कडेपर्यंत. दूध आहे तो भाग आणि नाही तो भाग, अगदी सारखे. एक उलटा फिरवला तर दुसऱ्यावर चपखल बसेल. वहीत आयताचा कर्ण काढून मी शेकडो मुलींना हे दोन सारखे भाग शिकवले आहेत. अर्धं म्हणजे काटेकोर अर्धं, अंदाजपंचे नाही. चार लिटरच्या मापाचं एका हालचालीत दोन लिटर होतं. माझ्या उत्तराला चार लागत होत्या.

मला लाज वाटली. चुकल्याची नाही, गणितात माणूस चुकतोच. सहावीतल्या मुलीचं बरोबर उत्तर मी घरभर हसण्यावारी नेलं आणि पुढं गणितावरच पोट भरलं, त्याची लाज. पण अक्काला ते न सांगताच दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याला येऊन जळगावची बस धरली.

विद्यार्थिनीला फोन केला. ती म्हणाली, फोनला तो किती कलला ते कळतं, त्यामुळे माप तिरपं करता येईल. "पण मॅडम, निम्मी कोडी मोडतील. फार सोपी होतील." मोडू दे म्हटलं. पुढचे दोन महिने मी वही घेऊन बसले होते. जी कोडी तिरप्या मापापुढं टिकली नाहीत ती काढून टाकली. त्यांतली काही माझी फार आवडती होती. लाल अक्षरांतलं 'चूक' काढलं आणि तिथं लिहिलं, 'तुम्ही काय केलंत, दाखवा'. त्यावर बोट ठेवलं की खेळणाऱ्याची रीत आमच्याकडे येते.

नवा खेळ निघाला तशी एकानं एक चांदणी देऊन लिहिलं, "माप तिरपं करणं म्हणजे लबाडी. हे गणित नव्हे." एरवी मी त्याला सोलून काढला असता. या वेळी आयत काढला, कर्ण काढला, त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "हे गणितच आहे. मलाही उशिरा कळलं."

मग पुन्हा सोनगीरची वाट धरली. अक्का फोन हातात घ्यायला तयार नव्हती. "माले नही जमत ते." मी हट्टच धरला. तिसरं कोडं उघडून दिलं. तिनं चारचं माप भरलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फोन सावकाश कलता केला. पडद्यावरचं दूध काठावरून सांडायला लागलं. तळाची कड दिसली, तिचा हात थांबला. 'बरोबर' असं आलं, दूधवाल्यानं वर एक धार घातली.

अक्कानं फोन सरळ धरला.

"मंग तव्हय शाळामा बी मन्हं बरोबर व्हतं ना?"

"व्हतं, अक्का," मी म्हणाले. "बठ्ठं बरोबर व्हतं. आनि वर्गमा पहिले हासनारी मीच व्हतू."

तिनं फोन पदरानं पुसला आणि पुढचं कोडं उघडलं.

"माले माहीत शे," ती म्हणाली.