कुठल्या सॉफ्टवेअरवर काढता?

मला जिना कळतो, बीम कळतो, बाथरूमचं दार कमोडला आपटणार की नाही हे नकाशावर नुसती नजर टाकून कळतं. पण गेल्या वर्षी पुण्यातल्या एकाही आर्किटेक्टला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. सगळ्यांचा प्रश्न एकच: कुठल्या सॉफ्टवेअरवर काढता? मी नाव सांगितलं की समोरचा असा बघायचा, जशी काही मी पाटी-पेन्सिल घेऊन आले आहे.

सदाशिव पेठेत एका वयस्कर आर्किटेक्टकडे मी एकोणीस वर्षं नकाशांचं ड्राफ्टिंग केलं. सगळं गाव वापरतं ते सॉफ्टवेअर सरांना परवडत नव्हतं आणि चोरून वापरणं त्यांना पटत नव्हतं. म्हणून त्यांनी दुसरंच आणलं. साधं, फारसं कुणी नाव न ऐकलेलं, पण रीतसर विकत घेतलेलं. अहो, रेघ तिथेही रेघच असते! फाइलसुद्धा त्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी उघडते, आणि तिथली इथे. ही भिंत कशात काढलीत बाई, असं महापालिकेत मला कुणी एकदाही विचारलं नाही.

मग सरांना दिसेनासं झालं, ऑफिस बंद पडलं आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मी स्कूटरच्या डिकीत लॅपटॉप घालून काम शोधत फिरायला लागले. लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर सरांनी ऑफिस बंद करताना माझ्या नावावर करून दिलं होतं. 'आता कशाला उन्हातान्हात फिरतेस, घरी शिकवण्या घे,' असं सांगणाऱ्यांची कमी नव्हती. मला शिकवण्या घ्यायच्या नव्हत्या. मला ड्रॉइंगच काढायचं होतं, दुसरं काहीही नको होतं.

सात ठिकाणी नकार आला. आठवं ऑफिस कात्रजला, सगळं काचेचं, मालक तिशीचा. मी माझी फाइल त्याच्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवली. सगळं जागच्या जागी. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "सॉरी मॅडम, आम्ही इंडस्ट्री स्टँडर्डवरच काम करतो. प्रोफेशनल ऑफिस आहे ना."

तो हे बोलत असतानाच त्याच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली. ही प्रत अधिकृत नाही, अशी सूचना होती. त्यानं सराईतपणे ती बंद केली आणि माझ्याकडे बघून हसला. म्हणजे चोरीचा माल वापरणारा प्रोफेशनल, आणि मी अडाणी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर त्यांचा एक जिना पसरलेला होता. मी म्हटलं, "साहेब, या जिन्यानं चढणाऱ्याचं डोकं वरच्या बीमला आपटणार आहे."

"ते बघतील स्ट्रक्चरल इंजिनिअर," तो म्हणाला. मी लॅपटॉप उचलला, खाली येऊन स्कूटरच्या डिकीत टाकला आणि निघाले.

तीन आठवड्यांनी त्याचाच फोन. आवाजात लोणी. "मॅडम, बिझी आहात का?" सॉफ्टवेअरच्या कंपनीची नोटीस आली होती आणि घाबरून त्यांनी सगळ्या कॉम्प्युटरवरची चोरीची प्रत पुसून टाकली होती. आता ड्रॉइंग द्यायची वेळ आली आणि ऑफिसात एक रेघ मारता येईना. "तुमचा लॅपटॉप घेऊन थोडे दिवस याल का? पुढचं बघू ना आपण."

खड्ड्यात जा, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, किती वाजता येऊ?

बारा दिवस मी एकटीनं ते ऑफिस ओढलं. तो जिनाही सुधारला. तेराव्या दिवशी त्यांची अधिकृत प्रत आली आणि मालक म्हणाला, "थँक यू मॅडम, आता आमची मुलं करतील." मी विचारलं, पुढचं बघू म्हणाला होतात, त्याचं काय? तर हसला. मी म्हटलं, निदान अनुभवाचं पत्र तरी द्या.

पत्र लगेच मिळालं. वाचलं तर त्यात मी त्याच नावाजलेल्या सॉफ्टवेअरवर काम केल्याचं लिहिलेलं.

"अहो, हे खोटं आहे."

"तुमच्याच भल्यासाठी लिहिलंय मॅडम. खरं लिहिलं तर तुम्हाला घेणार कोण?"

त्याच्या तोंडावर ते फाडून फेकावं असं मनात आलं. मी ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

पुढच्या आठवड्यात कर्वे रोडच्या एका ऑफिसात मी ते पत्र टेबलावर ठेवलं. लॅपटॉप उघडायला गेले तर तिथले साहेब म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. हे सॉफ्टवेअर किती वर्षं वापरताय?"

"एकोणीस," मी म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला. सोमवारपासून या."

माझं एकही ड्रॉइंग त्यांनी पाहिलं नाही. ते सॉफ्टवेअर मी नोकरीवर रुजू झाल्यावर चार दिवसांत शिकले, शेजारच्या टेबलालाही पत्ता लागला नाही. आता रोज दहाला जाते, ड्रॉइंग काढते, सगळे मॅडम मॅडम करतात. आणि माझा राग काही जात नाही, कारण माझी खरी एकोणीस वर्षं कुणालाच नको होती, आणि ती खोटी करून विकायला मीच तयार झाले.