हातांच्या बाई

आमच्या प्रकाशनातल्या चित्रकार बाई माणूस चेहऱ्यावरून नाही, हातांवरून ओळखत. नारायण पेठेतल्या त्या कचेरीत मी त्यांच्या हाताखाली चित्रं काढायला नोकरीला लागले, तेव्हा नाव विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "हात बघू." मी निमूटपणे दोन्ही हात पुढे केले. "नखं कुरतडतेस. म्हणजे धीर कमी. बस."

मुलांच्या गोष्टींची चित्रं हे बाईंचं काम. माझ्याकडे पहिलंच पुस्तक आलं ते भाजी विकणाऱ्या आईचं. मी मन लावून आई रंगवली. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "ही भाजी विकते, की भाजीच्या जाहिरातीत काम करते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला मंडईत घेऊन गेल्या. मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या एका मावशींसमोर आम्ही वह्या उघडून बसलो. मावशी लाजल्या. "हात काय काढताय ताई? त्वांड काढा की!"

"तोंड सगळेच काढतात," बाई म्हणाल्या.

त्या बोटांना भेगा होत्या, भेगांत माती होती, आणि जुडी मात्र फुलासारखी अलगद बांधली जात होती. तीन तास मी तेवढंच काढत राहिले. नखं कुरतडायचं सुचलं नाही.

नवी चित्रं पाहून मालकांनी नाक मुरडलं. "असले हात बघून मुलं घाबरतील."

"आईच्या हातांना मुलं घाबरत नाहीत," बाई म्हणाल्या. "तुम्ही घाबरताय. हात बदलायचे असतील तर माझीही चित्रं परत द्या." पुस्तक तसंच छापलं गेलं, आणि मी दोन प्रती मावशींना नेऊन दिल्या.

पुढे काही वर्षांनी बाईंची बोटं थरथरू लागली. त्यांनी तक्रार केली नाही. अर्धं झालेलं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं, "नाव तुझंच टाक" म्हणाल्या आणि विश्रांतवाडीला लेकीकडे राहायला गेल्या. मी दोघींची नावं टाकली आणि प्रत पोस्टाने पाठवली.

आठवड्याने त्यांचं पत्र आलं. अक्षर वेडंवाकडं, मजकूर दोनच ओळींचा: "माझं नाव टाकलंस, आता चुकीतला वाटाही माझ्याकडे आला. नवव्या पानावरच्या मुलीला दोन्ही हात उजवेच आहेत."

मी धावत जाऊन पुस्तक उघडलं. खरंच होते. एकटीच बसून मी पोटभर हसले, आणि पुढच्या आवृत्तीसाठी डावा हात काढायला घेतला.