टॉकीजमधली झोळी

लोकहो, घरी येऊन दोन तास झाले, तरी माझं डोकं तापलेलंच आहे.

आज अमरावतीत दुपारच्या शोला गेले होते. शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी चांदूर बाजारकडची एक बाई होती, सोबत पाच-सहा महिन्यांचं लेकरू. तिनं मागच्या दोन लोखंडी खांबांना जुनं लुगडं बांधून झोळी केली, कापूस वेचताना बांधावरच्या झाडाला बांधतात तशीच. लेकरू त्यात गाढ झोपलं.

पुढच्या रांगेतला एक माणूस मात्र अर्धा तास फोनवर मोठमोठ्यानं प्लॉटचा सौदा करून राहिला होता. त्याला कोणी एका शब्दानं हटकलं नाही.

तेवढ्यात टॉर्च घेऊन डोअरकीपर आला. "हे काय वावर हाय काय? सोड ते!"

"भाऊ, निजलं हाय ना थे. कोनाले तरास देऊन राहिलं?"

त्यानं झोळी सोडायलाच लावली. लेकरू दचकून उठलं आणि जे रडायला लागलं! मग सगळी टॉकीज ओरडली, "बाहेर काढा!" सगळ्यात मोठा आवाज त्या फोनवाल्याचा.

ती लेकराला खांद्यावर टाकून, लुगडं काखेत मारून निघून गेली. त्यानं पुन्हा फोन लावला.

रडणाऱ्या लेकराला बाहेर न्यावं, हे मलाही पटतं. पण इथं झोपलेल्याला उठवून रडवलं, आणि मग रडतं म्हणून हाकललं!

आणि मी? तिच्या बाजूच्याच खुर्चीत होते. पिक्चर संपल्यावरच उठले.

खरं सांगा, तुम्ही आधी उठला असता?