टोपी-चष्म्याचं काळं पान

आधी आली ती मुलाची आई, शिरपूरची. मागून मामा. आमच्या पल्लूला बघायला. मांडे खाता खाता बाई म्हणे, "आमना घरमा बठ्ठं उघडं शे, लपवाछपवी नाही. सुनेचा फोन रोज मीच तपासणार." पल्लूचा चेहराच उतरला. तिचा बाप, माझा लेक, मात्र मान डोलावतोय!

मग बाईंना आपल्या फोनवर बंगल्याचा व्हिडिओ दाखवायचा होता, तो आमच्या वायफायवर उघडेना. मी मालिका बघते म्हणून लेकानं त्यावर सगळं बंद केलंय. मी म्हटलं, "आणा ताई फोन इकडे." पल्लूनं शिकवलंय, व्हीपीएन टाकलं की उघडतं. टाकलं, नेट उघडलं, तर समोर टोपी-चष्म्याचं काळं पान! चोरून बघायचं ते. मागे खूण राहत नाही म्हणतात, पण पान बंद तर करावं ना बाई?

लग्नाच्या साइटवर तिच्याच मुलाचा फोटो. मी दुसरी शिकलेली, एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचलं, "घ… ट… स्फो… टि… त." आम्हाला सांगितलं होतं पहिलंच लग्न! बाई फोन ओढतेय, मी सोडते कुठे? मामांना कमी ऐकू येतं म्हणून पुन्हा वाचलं. बाई रडली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

बायांनो, माझं काही चुकलं का?

चपला घालताना बाई सवयीनं बोलून गेली, "येतो मग गुरुवारी, पक्कं करायला."