आधी एक्सपोर्ट, मग घर

अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दक्षिण कोरियावर जिवापाड प्रेम करणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे मिलवाले काका. कुडव्यात आमच्या भिंतीला लागूनच त्यांची राइस मिल. कधीतरी त्यांनी वाचलं, की तिकडे एक माणूस तांदळाच्या दुकानात नोकर होता. पुढे त्याने रस्ते बांधले, मोटारी काढल्या, जहाजं बांधली आणि सगळा माल परदेशी विकून देशाचं नशीब पालटलं. झालं! "तांदूळ त्याचाबी, तांदूळ माजाबी," काका छाती ठोकून म्हणायचे, "मंग माज्यात काय कमी आहे?" मिलशेजारी पिठाची चक्की टाकली त्याच दिवशी त्यांच्या पाटीवर 'ग्रुप' हा शब्द चढला.

त्या कोरियन माणसाने म्हणे जहाजाची ऑर्डर आधी घेतली आणि कारखाना मागाहून बांधला. काका त्याच्याही पुढे! त्यांनी ऑर्डर यायच्या आधीच स्वतःच्या नावाच्या थैल्या छापून आणल्या आणि वर्षानुवर्षं दिवाणाखाली जपल्या. मध्य प्रदेशची हद्द ओलांडून बालाघाटला चार पोती गेली तरी आमच्याकडे एक्सपोर्टचे पेढे यायचे. मोठे व्यापारी त्यांचा तांदूळ आपल्या थैलीत भरून परदेशी धाडायला तयार होते, पण काका ऐकतील तर शपथ. "जाईन तं आपल्या नावानं जाईन!" त्यात तिकडचे लोक चांगला माल बाहेर पाठवून घरी जव मिसळलेला भात खायचे, हेही त्यांनी वाचलेलं. त्यामुळे मिलमधला अख्खा तांदूळ एक्सपोर्टसाठी राखीव आणि घरात कायम कणकी, म्हणजे तुटका तांदूळ. "मी काय कोरियाची बाई आहो?" काकू कडाडायच्या, आणि पुन्हा सूप घेऊन परदेशी व्यापाऱ्यांना पाठवायच्या नमुन्याचा दाणा न् दाणा त्याच निवडायच्या.

गेल्या वर्षी आखातातल्या एका दुकानदाराने तो नमुना पसंत केला. दिवाणाखालच्या थैल्या भरल्या, ट्रकला हार घातला, काका लहान पोरासारखे रडले. आणि बंदरावरच्या तपासणीत तुकडा, म्हणजे तुटका दाणा, जास्त निघाला, म्हणून सगळा माल परत आला. आमच्या घरात त्या दिवशी टीव्हीसुद्धा लागला नाही. या माणसाचा सगळा जीव त्या थैल्यांत होता हो!

दुपारी मी गेलो, तर काकूंनी त्यातलीच एक थैली फोडून भात टाकला होता. काकांनी घास घेतला, थांबले, पुन्हा भात मागितला.

"इतका गोड आहे? मंग त्याईनं वापस कायले केला?"

"मले काय माहीत?" काकू हसत म्हणाल्या. "मीबी आजच खाऊन राहिली."

काकांनी ताट सारलं. हात धुतला, मिलमध्ये गेले आणि दाणा कुठे तुटतो ते शोधायला यंत्र खोलून बसले. पुढच्या खेपेला त्यांचा माल जाणार, यात मला शंका नाही. हा माणूस हटणारा नाही. पण काकू ते हसत म्हणाल्या आणि काकांना हसता आलं नाही, हे काही माझ्या डोक्यातून जात नाही.